जुन्या स्वीडिश-फिनिश फुलदाण्यांचे दिवे: भोक पाडावं की नाही?

रेवा_गोटेबॉर्ग
नमस्कार मंडळी. इथे शनिवार-रविवारी लोप्पिस भरतात, घरातलं जुनंपानं विकायचा बाजार. तिथून एक टेबललॅम्प उचलला. काचेचा, भलताच जड, बूड दोन बोटं जाड, आत धुरकट करडा रंग आणि त्यावर बाहेरून स्वच्छ काचेचा थर. गळ्याशी पितळेचं टोपण आणि होल्डर. शेड फाटकी होती, ती तिथेच ठेवून आले. उलटा केला तर बुडाला मधोमध भोक आणि वायर त्यातून बाहेर आलेली. नवरा म्हणतो, ही मुळात फुलदाणी, कुणीतरी नंतर दिवा केला. विकणाऱ्या आजी ठामपणे म्हणाल्या, जन्मापासून दिवाच आहे.

तर हे ओळखायचं कसं? आणि दुसरं म्हणजे घरी एक उंच निळी फुलदाणी आहे, फिनलंडची असावी, अंगावर कड्या कड्या असलेली. तिलाही भोक पाडून घेतलं तर जोडी होईल असं डोक्यात आहे. इथला एक दुकानदार पाडून देतो म्हणाला. पुढेमागे आम्ही पुण्याला परत जाणार, तेव्हा हे दिवे तिकडे चालतील का तेही सांगा.

तिरकस
पेटला तर दिवा, नाही पेटला तर फुलदाणी. पुढचा प्रश्न?

पिंपळपान
निळीला भोक पाडू नका. बाकी चर्चा चालू द्या.

मालमोकर
रेवा, बुडाला भोक आहे म्हणून फुलदाणीच होती असं इथल्या काचेबाबत धरता येत नाही. दक्षिण स्वीडनच्या स्मोलांड भागातल्या कारखान्यांनी दिव्यांचं काम भरपूर केलंय. नीब्रूजवळचा पुकेबर्ग कारखाना १८९४ मध्ये स्टॉकहोमच्या ब्योलमार्क या दिवेवाल्यांनी विकत घेतला, त्यामुळे तिथली काच बरीचशी दिव्यांसाठीच फुंकली जायची. ओरेफोर्स कारखान्यात कार्ल फागेरलुंड वर्षानुवर्षं दिवे आणि झुंबरं करत होता. फ्लिग्सफोर्सनेही दिवे काढले. त्यामुळे आजींना खोटं पाडायची घाई नको.

आता ओळखायचं कसं. दिवसा खिडकीशी जा आणि वायर काढून दिवा उलटा धरा. बूड टेबलाला टेकतं तिथे बारीक ओरखड्यांचं वर्तुळ दिसतं का बघा. फुलदाणी वर्षानुवर्षं फडताळावर सरकवली गेली की ते पडतंच. दिव्याला बहुधा फेल्ट, म्हणजे जाड लोकरी कापड, चिकटवलेलं असतं, त्याखालची काच कोरी राहते. मग भोकाची कड. कारखान्यात पाडलेलं भोक घासून गुळगुळीत केलेलं असतं. नंतर पाडलेल्याच्या आतल्या बाजूला टवके उडालेले दिसतात, कारण ड्रिल पलीकडे निघताना काच तिथेच फुटते. तिसरं, आत टॉर्च मारा. एका उंचीवर पांढुरकी आडवी रेघ असेल तर त्यात कधीतरी पाणी भरून फुलं ठेवली होती. मग वाद मिटला.

आणि सही. ओरेफोर्सची सही बुडावर कोरलेली असते: कारखान्याचं नाव, मग अक्षरं, मग आकडे. पहिलं अक्षर कलाकाराचं. पी म्हणजे स्वेन पाल्मक्विस्ट, एन म्हणजे निल्स लांडबेर्ग, एच म्हणजे एडवर्ड हाल्ड. कोस्टा कारखान्याच्या काचेच्या बुडावर 'एलएच' दिसलं तर विके लिंडस्ट्रांड, तो १९५० पासून तिथला कलाप्रमुख. भोक नेमकं मधोमध पाडतात आणि तेच सही खाऊन टाकतं. कडेला एक-दोन अक्षरं उरली आहेत का ते तिरप्या उजेडात बघा, सरळ बघून दिसणार नाहीत.

रेवा_गोटेबॉर्ग
बापरे, एवढं सगळं! वायर काढायला वेळ लागेल, होल्डर घट्ट बसलाय. बघून सांगते.

सुमेधा_कोपनहेगन
आमच्या डॅनिश काचेचंही नाव घ्या की. होल्मगोर्ड, १८२५ पासूनचा कारखाना. पेर ल्युटकेन १९४२ मध्ये तिथे लागला आणि जन्मभर राहिला. पन्नासच्या दशकातल्या त्याच्या फुलदाण्यांवर सहीतच वर्ष दडलेलं असतं, म्हणजे १९, मग पीएल, मग ५५. अशा फुलदाणीच्या बरोबर त्या जागी भोक पाडलेला एक दिवा मी बाजारात बघितला होता. '१९' शिल्लक होतं आणि पुढे थेट भोक! विकणारा मात्र शतक तरी कळतंय या आनंदात होता.

निळीला भोक पाडायची गरजच नाहीये. गळ्यात बसणारं रबरी बूच मिळतं, त्याला वर होल्डर आणि होल्डरच्या बाजूने वायर बाहेर. फुलदाणीला धक्का न लागता दिवा तयार. उद्या कंटाळा आला की बूच काढा, ट्युलिप ठेवा. आमच्याकडे ओटो ब्राउअरची १९६२ सालच्या डिझाइनची लांब मानेची बाटली अशीच वापरतोय, वर चुण्यांची कागदी शेड. वायर वरून खाली लोंबते एवढंच. मी कापडी वेष्टणाची वायर घेतली आणि ती मागच्या बाजूने सोडली, समोरून कळतही नाही.

देवयानी
मला एक बाळबोध शंका. बल्ब वर, शेडच्या आत. मग खालच्या काचेचं काय, ती अंधारातच? मला वाटायचं काचच उजळते.

मालमोकर
उजळते, पण आतून नाही. शेडचं खालचं तोंड उघडं असतं. तिथून उजेड फुलदाणीच्या खांद्यावर पडतो आणि जाड काचेतून खाली झिरपतो. बूड जाड असेल तर रंग तिथे गोळा होतो. रेवाच्या दिव्यासारखा आत रंगीत आणि बाहेर पारदर्शक असा थर असेल तर कडेला एक स्वच्छ रेघ चमकते. म्हणून शेड फार खाली उतरवू नये, गळा दिसला पाहिजे. सुमेधा म्हणते ते बूच काळं असतं आणि गळ्यातून येणारा उजेड अडवतं, एवढा एक दोष. पारदर्शक सिलिकॉनचं बूच शोधा.

तिरकस
मग बल्बच आत टाका ना. वरात निघाल्यासारखी झगमगेल.

अण्णा_वायरमन
तिरकसराव, बंद काचेच्या भांड्यात बल्ब घालायचा सल्ला गमतीतसुद्धा देऊ नका, कोणीतरी करतं. पूर्वीचा ६० वॉटचा पिवळा बल्ब आत असता तर गळ्याशी काच तापून तडकली असती. एलईडी कमी तापतो, पण त्याचं सर्किट हवा मिळाली नाही की लवकर मरतं.

रेवाताई, पुण्याचं सांगतो. स्वीडनमध्ये २३० व्होल्ट, आपल्याकडेही २३०, दोन्हीकडे ५० हर्ट्झ. त्या बाजूने काळजी नाही. बदलायचं ते बाकीचं. एक, तिकडची दोन बारीक पिनांची टॉप, म्हणजे प्लग, आपल्या सॉकेटमध्ये सैल बसते, ठिणग्या उडतात. ती कापून आपली तीन पिनांची लावा. दोन, होल्डर पितळेचा असेल तर त्याला अर्थिंग हवंच, म्हणजे तीन कोअरची, आत तीन तारा असलेली वायर. जुनी दोन कोअरची वायर ठेवायची असेल तर पितळेचा होल्डर काढून बेकेलाइटचा किंवा पोर्सेलीनचा बसवा. तीन, तिकडे होल्डर आट्यांचा असतो. ई-२७चा बल्ब इथेही मिळतो, पण फेज मधल्या ठिपक्यालाच गेली पाहिजे, बाहेरच्या आट्यांना नाही. नाहीतर बल्ब बदलताना झटका बसतो. तिकडची टॉप उलटसुलट कशीही घुसते, त्यामुळे ते नशिबावर असतं. आपल्या तीन पिनांच्या टॉपला ती भानगड नाही.

आणि बुडाच्या भोकातून वायर जाते तिथे रबरी कडी घातलीच पाहिजे. पाडलेल्या काचेची कड वायरचं वेष्टण हळूहळू कापते. जुनी वायर टॉर्च घेऊन तपासा. कडक झाली असेल किंवा वाकवल्यावर भेगा दिसल्या तर फेकून द्या, मोह नको.

जर्सीचा_बाळ्या
इथे अमेरिकेत भोक पाडलेल्या फुलदाण्या जास्त का दिसतात, त्याचं कारण सांगतो. इथल्या टेबललॅम्पची बांधणीच तशी. बुडापासून गळ्यापर्यंत आट्यांची एक पोकळ नळी जाते, खाली-वर नट, आणि वर शेड धरायला तारेची कमान. ती नळी घालायची तर भोक हवंच. त्यामुळे स्वीडनची, डेन्मार्कची, इटलीतल्या मुरानोची, चिनीमातीची, हाताला लागेल ती फुलदाणी भोक पाडून दिवा झाली. असे दिवे इथे जुन्या बाजारात ढिगाने मिळतात. खालचा नट कधीच जोर लावून आवळू नका. भोकाभोवतीची काच आधीच दुखावलेली असते, तिथूनच भेग सुटते. नटाखाली फेल्टचा वॉशर घाला.

इथला दिवा पुण्याला न्यायचा असेल तर होल्डर, वायर, टॉप सगळं बदला. १२० व्होल्टचा बल्ब तिकडे क्षणात जाईल.

खिडकीतला_दिवा
मी थोडा वेगळा सूर लावतो. मी उत्तर स्वीडनमध्ये उमिओला राहतो. डिसेंबरात दुपारी दोनच्या सुमारास अंधारायला लागतं. इथे जवळजवळ प्रत्येक घराच्या खिडकीत दिवा असतो, पडदे न ओढता, रस्त्यावरून जाणाऱ्यालाही दिसेल असा. या लोकांना फुलदाणीपेक्षा दिव्याची गरज जास्त, आणि काच वापरात राहिली ती दिव्यामुळेच. नाहीतर निम्मा माल केव्हाच अडगळीत किंवा कचऱ्यात गेला असता. साच्यात फुंकलेल्या, हजारोंनी निघालेल्या, सही नसलेल्या फुलदाणीला भोक पाडलं तर काय आकाश कोसळणार आहे? सगळ्याच वस्तू संग्रहालयात ठेवायच्या का?

पिंपळपान
> सही नसलेल्या फुलदाणीला भोक पाडलं तर काय आकाश कोसळणार आहे?

सही नाही म्हणजे कोणाचीच नाही हे कोणी सांगितलं? अनेक कारखान्यांनी फक्त कागदी लेबल लावलं. पहिल्या धुण्यात ते गेलं. म्हणजे लेबल धुतलं गेलं म्हणून भोक पाडायचं? आणि इथे भोकाशिवाय दिवा होतोय, सुमेधाने वर सांगितलंय. जे परत फिरवता येतं ते करावं, जे येत नाही ते दुकानदाराच्या हौसेवर सोडू नये. भोक पडलेल्या फुलदाणीला संग्राहक हात लावत नाहीत, किंमत कुठल्या कुठे जाते. मी स्वतः काही विकत नाही, तरी माझं मत हेच.

खिडकीतला_दिवा
किंमत कमी होते हे खरंच, आणि तेच माझ्या कामाचं आहे. भोकवाला लांडबेर्ग माझ्या खिशाला परवडतो, अखंड परवडत नाही. आधीच भोक पडलेलं असेल तर मला बिनधास्त घेता येतं.

पिंपळपान
आधीच पडलेलं घ्या, जरूर घ्या. नवीन पाडू नका. यात आपलं भांडण कुठे आहे?

तिरकस
दोघांचं पटलं, धागा बंद करावा काय?

हेलसिंकी_हेमा
बंद नको, निळी कोणाची ते कोणीच सांगितलं नाही अजून. रेवा, अंगावर कड्या कड्या, उंच, आत निळा रंग आणि बाहेर पारदर्शक असेल तर ती रिहिमाकीची असायची दाट शक्यता आहे. रिहिमाकी कारखाना १९१० ते १९९०. तिथे तमारा अलादिन, नॅनी स्टिल, हेलेना तिनेल अशा बायकांनी साठ-सत्तरच्या दशकात रंगीत फुलदाण्यांचा धडाका लावला होता. लाल, निळ्या, हिरव्या, जर्द पिवळ्या. कड्या कड्यांचा आकार बहुतेक वेळा अलादिनचा. तिच्या फुलदाण्यांवर बरेचदा सही नसते, रानमांजराचं चित्र असलेलं लेबल असायचं. लेबल राहिलं असेल तर लगेच फोटो काढून ठेव आणि त्या भागाला पाणी लावू नकोस. रिहिमाकीत जुन्या काच कारखान्याच्या इमारतीतच फिनलंडचं काच संग्रहालय आहे. आलीस कधी तर आधी तिथे जा, मग आमच्याकडे जेवायला.

या फुलदाण्यांचा गळा सरळ नळीसारखा असतो, बूच झकास बसतं. आत मोजून व्यास लिही.

देवयानी
आणि ती लाटा लाटांची प्रसिद्ध फुलदाणी? तिचा दिवा होतो का?

हेलसिंकी_हेमा
फिनिश वास्तुविशारद आल्टोची, १९३६ची? तिच्या तोंडाला सरळ रेघच नाही, बूच कोणत्या आकाराचं आणणार? आणि तिला भोक पाडायचं नुसतं म्हणून बघा फिनलंडमध्ये. पासपोर्ट मागतील.

निखारे
मी प्रयोगशाळेत काचेची उपकरणं करतो, नेदरलँड्समध्ये आयंधोवनला. भोक पाडण्याबद्दल दोन शब्द, पाडा म्हणून नाही, तर दुकानदार काय करणार ते कळावं म्हणून.

फुंकलेली काच भट्टीतून निघाल्यावर हळूहळू थंड करावी लागते. बाहेरचा थर आधी गार झाला आणि आतला मागे राहिला तर काचेत ताण अडकून बसतो. दोन बोटं जाड बुडात आणि दोन रंगांच्या थरांमध्ये तो असायची शक्यता जास्त. अशा काचेला ड्रिल लागलं की कधी काही होत नाही, कधी अर्ध्यात फाडकन दोन तुकडे. बाहेरून अनुभवी माणसालाही कळत नाही.

घरी बघायची युक्ती आहे. लॅपटॉपच्या एलसीडी स्क्रीनवर पूर्ण पांढरं पान उघडा, फुलदाणी समोर धरा आणि पोलराइज्ड गॉगल लावून बघा. गॉगल डोळ्यांसमोर हळूहळू फिरवत स्क्रीन काळा होईल असा धरायचा. काळ्या पडद्यावर काचेत इंद्रधनुषी पट्टे किंवा लख्ख ठिपके दिसले तर तिथे ताण आहे. तिला ड्रिल लावूच नये, उकळतं पाणीही नको. जवळपास सगळी काळी राहिली तर चांगली थंड केलेली आहे.

आणि पाडायचंच ठरलं तर पोकळ डायमंड बिट, कमी वेग, हलका हात, आणि सतत पाणी. बुडावर प्लास्टिसिनचं, म्हणजे पोरांच्या खेळायच्या मातीचं आळं करतात आणि त्यात पाणी साठवतात. पाण्याने काच गार राहते आणि काचेची धूळ उडत नाही, ती फुप्फुसाला वाईट. शेवटच्या मिलीमीटरला जवळजवळ जोरच लावायचा नाही. दुकानदार कोरडं ड्रिल घेऊन आला तर फुलदाणी उचला आणि घरी या.

गोदाकाठ
वाचून मजा येतेय. काचेचे दिवे म्हटलं की मला आजोळचा प्रभाकर कंदील आठवतो. ओगलेवाडीचा, कराडजवळचा. संध्याकाळी काच पुसायचं काम आम्हा पोरांकडे. आधी राख, मग जुन्या धोतराचं फडकं, आणि हात आत जाईल असा लहान फक्त माझा. काच फुटली की घरात जी शांतता व्हायची! तळेगावात पैसा फंडाचा काच कारखाना १९०८चा, लोकांनी एक-एक पैसा देऊन उभा केलेला. आपल्याकडेही काचेचा उद्योग होता, त्या कंदिलांना मात्र कोणी लांडबेर्ग मिळाला नाही.

तिरकस
धागा स्वीडनहून कराडला पोचला. पुढचं स्टेशन कोल्हापूर.

मालमोकर
गोदाकाठ, लांडबेर्गच्या काळातही बहुतेक कामगारांची नावं बुडावर नव्हतीच. आकार काढणाऱ्याचं नाव कोरलं जायचं, फुंकणाऱ्याचं फारच क्वचित. ओरेफोर्समधल्या भट्ट्या २०१३ मध्ये बंद झाल्या, कोस्टाची अजून चालू आहे. १७४२ पासून. तिथे जाऊन काच फुंकताना बघता येते. बघितल्यावर या जड फुलदाण्यांकडे बघायची नजरच बदलते. सळईच्या टोकावर ते वजन पेलत माणूस सतत फिरवत असतो, थांबला की काच लोंबलीच.

रेवा_गोटेबॉर्ग
मंडळी, वायर निघाली! होल्डरखाली जुना चिकटपट्टीचा चोथा होता, तो भिजवून काढला.

आत टॉर्च मारली तर अर्ध्याच्या थोडं वर पांढरी रेघ अगदी स्पष्ट. भोकाच्या आतल्या कडेला टवके. आणि तिरप्या उजेडात बुडावर 'ओर', मग भोक, आणि भोकाच्या पलीकडे 'एन यू' आणि दोन आकडे. म्हणजे फुलदाणीच. नवरा गेला तासभर घरभर विजयी चेहऱ्याने फिरतोय. लांडबेर्गच ना, मालमोकर?

मालमोकर
ओरेफोर्स, एन म्हणजे लांडबेर्ग, यू म्हणजे भट्टीवरच हाताने घडवलेली. धुरकट करडा त्याचा आवडता रंग. मस्त हाती लागलीय. आता भोक बुजवायच्या नादी लागू नका. राळ भरली तरी बुडातून ढगासारखी दिसते आणि पाणी झिरपतंच. दिवा म्हणूनच वापरा.

पांढऱ्या रेघेसाठी कोमट पाण्यात सायट्रिक आम्ल घालून रात्रभर ठेवा, भोकाला खालून बूच लावून. क्षार असेल तर निघेल. नाही निघाली तर काचच खरवडली गेलीय, घासत बसू नका.

अण्णा_वायरमन
आणि दिव्याची वायर परत घालण्याआधी काच पूर्ण वाळू द्या. भोकात रबरी कडी!

रेवा_गोटेबॉर्ग
हो अण्णा, कडी आणली. निळीला स्क्रीनची परीक्षा पण घेतली. गळ्याखाली एक कडी लख्ख उजळली, मला तर भीतीच वाटली. दुकानदाराला नाही सांगितलं. गळा आतून ३२ मिलीमीटर, बूच मागवलंय, लाकडी. लेबल नाही, पण हेमाने सांगितलेला आकार तंतोतंत आहे.

एकच राहिलं. दोन्हींवर सारख्या शेड हव्यात. इथे घेऊ की पुण्यात शिवून घेऊ? तिकडे बुधवार पेठेत शेडवाले आहेत म्हणतात.

अण्णा_वायरमन
शेड मधल्या रिंगने होल्डरवर बसते. युरोपातल्या ई-२७ होल्डरच्या शेडचं भोक मोठं असतं, आपल्या पिनच्या होल्डरचं लहान. तिकडची शेड इकडच्या होल्डरला आणली तर सैल बसते, मध्ये प्लास्टिकची रिंग घालून काम भागतं. उलटं केलंत तर शेड बसणारच नाही. तुम्ही होल्डर तिकडचाच ठेवणार असाल तर शेडही तिकडूनच आणा, सांगाडा फक्त आणा हवं तर, कापड इथे चढवता येतं. विमानात सांगाडे एकात एक घालून नेता येतात.

सुमेधा_कोपनहेगन
शेडचा खालचा घेर फुलदाणीच्या सगळ्यात रुंद भागापेक्षा मोठा घे. करड्या काचेवर पांढरी लिनन, निळीवर पण तीच. रंगीत शेड घेतलीस तर काचेचा रंग मरतो.